माझं काम दुसऱ्यासारखं दिसतं, मग बघणंच बंद करू का?

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात लिहिते. देवगडचा २४ वर्षांचा मुलगा आहे, कला महाविद्यालयातून बाहेर पडून दोन वर्षं झालीत, अ‍ॅक्रिलिकमध्ये पेंटिंग करतो आणि घरी लिनोकट काढतो, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून त्याचे छाप. त्याचे सर म्हणाले की तुझं पेंटिंग चित्रकार प्रभाकर बर्व्यांसारखं दिसतं आणि तुझी प्रिंट त्या जपानी लाटेसारखी दिसते. ते मनाला लागलं म्हणून त्याने ठरवलंय की सहा महिने कोणाचंच काम बघायचं नाही, इन्स्टा पण बंद. त्याचं विचारणं असं की हे बरोबर आहे का, आणि पेंटिंग आणि प्रिंट यातलं एकच काहीतरी धरावं का.

ताई म्हटलंयस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. मी वेंगुर्ल्याजवळ राहते, २६ वर्षं पेंटिंग आणि प्रिंट दोन्ही करतेय, पडवीत एक छोटा एचिंग प्रेस आहे (धातूच्या प्लेटवरून छाप काढायचं यंत्र), त्यामुळे तुझा प्रश्न मला अगदी ओळखीचा आहे.

सगळ्यात आधी ते सहा महिन्यांचं. नको करूस. मी करून बघितलंय, एक अख्खा पावसाळा मी कुठलं पुस्तक उघडलं नाही, कुठलं प्रदर्शन बघितलं नाही, आणि दसऱ्याला कामं भिंतीला लावून बघते तर ज्याच्यापासून लांब पळत होते त्याच्याच आणखी जवळ गेले होते. असं का होतं तर आपण जे बघितलेलं असतं ते डोळ्यात नसतंच, ते हातात उतरलेलं असतं, आणि नवीन काही आत आलं नाही की हात जे येतंय तेच परत परत करत बसतो. तुझ्या हातात आत्ता दोन माणसं आहेत. दरवाजा लावून घेतलास तर खोलीत तीच दोघं राहतील.

तुझे चारही फोटो मी मोठे करून बघितले. राखाडी सपाट जागेत घड्याळ, पान आणि सफरचंद तरंगतंय ते पेंटिंग नीट रंगवलंयस, कडा स्वच्छ आहेत, घाई दिसत नाही. पण मला एक सांग, ते सफरचंद कुठून आलं? तुझ्या घराच्या आजूबाजूला हापूसची कलमं असतील, माळ्यावर आंब्याच्या पेट्या असतील, पेंढा असेल, आंबे उतरवायची झेल्याची काठी असेल. सफरचंद काढू नये असं अजिबात नाही. पण ते सफरचंद तू बघितलेलं नाहीस, तू सफरचंदाचं चित्र बघितलंयस. सरांना जे खटकलं ते हेच असणार असं मला वाटतं, त्यांनी त्याला फक्त बर्व्यांचं नाव दिलं.

म्हणजे खरी अडचण प्रभाव आहे ही नाहीये. अडचण ही आहे की तू चित्राचं दिसणं उचललंस आणि करणं तिथेच ठेवलंस.

हे जरा नीट सांगते कारण माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे. बर्वे आपल्या किनाऱ्यावरचेच, अलिबागजवळ नागावला १९३६ साली जन्मले. त्यांच्यावर युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराचा प्रभाव होता हे सगळ्यांना माहीत आहे, लपवायची गोष्टच नाही ती. १९६१ ते १९६५ ते बनारसच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात होते आणि तिथे तंत्रसाधनेतल्या चित्रांच्या आकृत्यांनी त्यांना धरलं. पुढे त्यांनी इनॅमल पेंट वापरला, आपण दारं-खिडक्यांना लावतो तो. आणि डायऱ्या लिहिल्या, ढीगभर, त्यात आकृत्या काढून काढून एखादी वस्तू जागेत ठेवली की तिच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागेचं काय होतं हे तपासत राहिले. आता यातलं तू काय घेतलंस? तरंगणारी वस्तू आणि राखाडी रंग. तो त्यांच्या शोधाचा शेवट होता, त्यांना तो बरीच वर्षं घालवून मिळाला. तू शेवट घेतलास आणि शोध घेतला नाहीस, म्हणून तो तुझ्या अंगावर दुसऱ्याच्या सदऱ्यासारखा दिसतो.

आणि प्रभावाची लाज वाटून घेऊ नकोस, मोठमोठ्या लोकांनी उघड नकला केल्यात. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या दोन छापचित्रांची तैलरंगात नक्कल केली, एक बहरलेलं झाड आणि एक पावसातला पूल. डच चित्रकार रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रं समोर ठेवून रेखाटनं केली, २० च्या वर आहेत ती. तू ज्या जपानी लाटेबद्दल लिहिलंस ती होकुसाईची लाट, १८३१ च्या आसपासची, तिच्यातला तो गडद निळा म्हणजे प्रशियन ब्लू, युरोपात तयार झालेला कृत्रिम रंग जहाजातून जपानात गेलेला. लांबचं बारीक, जवळचं मोठं ही दृष्टी पण होकुसाईने युरोपच्या चित्रांवरून उचलली आणि आपल्या फुजी डोंगरावर लावली. मग तीच चित्रं उलट युरोपात गेली आणि तिथले चित्रकार वेडे झाले. म्हणजे ज्याला आपण एकदम जपानी म्हणतो त्याच्यात पण परक्या देशाचा रंग मिसळलेला आहे. पण होकुसाईने युरोपातले डोंगर नाही काढले. त्याने रंग घेतला, रचना घेतली आणि समोर फुजीच ठेवला.

माझ्या बाबतीत हे कसं झालं ते सांगते. सुरुवातीच्या काळात मी हरेन दास या बंगाली छापचित्रकाराच्या वुडकटच्या, म्हणजे लाकडावर कोरून काढलेल्या छापांच्या, पूर्ण प्रेमात होते. बंगालच्या खेड्यातली दृश्यं, पाणी, झाडं, संध्याकाळचा उजेड, आणि इतकं बारीक कोरलेलं की श्वास रोखून बघावं. मी त्यांच्यासारखे माड कोरायला लागले. शेजारी एक म्हातारे आजोबा होते, आयुष्यभर माडावर चढून नारळ पाडण्याचं काम केलेले. एक दिवस पडवीत आले, दोरीवर वाळत घातलेल्या प्रिंटसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चितार बरा हा गो बाय, पण ह्यो माड हयलो नाय." हा माड इथला नाही. मी म्हटलं असं कसं, माड तो माड. तर त्यांनी मला अंगणात नेलं आणि आमचाच माड दाखवला. बुंध्याशी केवढा फुगलेला, मग एकदम निमुळता. चढायला कोयत्याने पाडलेल्या खाचा, खालच्या जुन्या होऊन भरत आलेल्या, वरच्या ताज्या. समुद्राकडे झुकलेला आणि मग शेंड्याकडे परत सरळ झालेला. वाऱ्याच्या बाजूच्या झावळ्या फाटलेल्या, दुसऱ्या बाजूच्या धड. मी त्या माडाखाली लहानाची मोठी झाले आणि यातलं काहीच माझ्या प्रिंटमध्ये नव्हतं.

त्या दिवशी मी हरेन दास बाजूला ठेवले नाहीत. उलट परत जवळ घेतले पण वेगळ्या तऱ्हेने बघितले. माड कसा दिसतो ते सोडून दिलं आणि हे बघितलं की बाई, या माणसाने करड्या रंगाची शाई न वापरता करडं कसं काय मिळवलं? काळ्यातून बारीक पांढऱ्या रेषा काढत काढत. जिथे उजेड जास्त तिथे रेषा जवळजवळ, जिथे कमी तिथे लांब लांब. हे करणं. ते मी घेतलं आणि अंगणातल्या माडाच्या खाचांना लावलं, आणि तेव्हापासून त्या प्रिंट बघून कोणी हरेन दासांचं नाव घेतलं नाही, खरं तर त्यांच्याकडून मी तेव्हा आधीपेक्षा कितीतरी जास्त घेतलं होतं.

आता प्रिंट आणि पेंटिंगचं. एकच धरावं का हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि ते खाली सांगते, पण मी दोन्ही का करते ते आधी सांगते.

मला पागोळ्या रंगवायच्या होत्या. कौलांवरून पावसाचं पाणी सरळ धारांनी अंगणात पडतं आणि खाली मातीत एका रांगेत खळगे पडतात, ते. तीन पावसाळे मी ते पेंटिंगमध्ये करत होते आणि प्रत्येक वेळी ते चित्र मळकट व्हायचं. करड्यावर पांढरा लावायचा, परत करडा, परत पांढरा. पेंटिंगमध्ये हा धोका असतो की वरून आणखी एक थर देता येतो, त्यामुळे निर्णय पुढे ढकलता येतो, आणि मी ढकलत राहिले. चौथ्या वर्षी वैतागून लिनोचा तुकडा घेतला. लिनोत पाऊस रंगवता येत नाही. लिनोत पाऊस काढून टाकावा लागतो. गाऊज, म्हणजे कोरायचं हत्यार, लावून जेवढं कोराल तेवढं पांढरं राहणार, आणि एकदा कोरलं की ते परत येत नाही. पहिली धार कोरली आणि मला कळलं की पागोळी ही अंधाऱ्या पडवीतून बघितलेली गोष्ट आहे, आत काळोख आहे म्हणून ती दिसते. मी तीन वर्षं पाऊस रंगवत होते आणि रंगवायची होती ती पडवी.

हे कळल्यावर मला आठवण झाली ती कावीची. तू पाहिली आहेस का माहीत नाही, गोव्यात आणि दक्षिण कोकणात, खाली कारवार-गोकर्णाकडे पण, जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबडी-पांढरी नक्षी असते ती. बरेच लोक समजतात की पांढऱ्या भिंतीवर तांबड्याने रंगवलंय. तसं नाहीये. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा थर देतात आणि तो वाळायच्या आत टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. म्हणजे पांढरी रेष ही लावलेली नाही, काढलेली आहे. लिनोकटच झाला की तो, फक्त भिंतीवरचा. लहानपणी देवळात आरतीला उभं राहून मी ती भिंत शेकडो वेळा बघितलेली. कॉलेजात मात्र प्रिंटमेकिंग म्हणजे जर्मनी आणि जपान असंच डोक्यात बसलं, आणि आपल्या दाराशी खरवडून चित्र काढायची पद्धत आहे हे मला पस्तिशीनंतर सुचलं.

मग मी परत पेंटिंगकडे गेले आणि आता पागोळ्या अशा करते की आधी फळीवर पांढरा पक्का वाळवायचा, त्यावर गडद तपकिरी-काळा थर, तो ओला असताना ब्रशच्या मागच्या टोकाने किंवा नारळाच्या हिराने वरून खाली एका दमात ओढायचं. चुकलं तर पूर्ण थर पुसून पहिल्यापासून. लिनोने मला तो धाक शिकवला आणि कावीने ती पद्धत दिली, पेंटिंगला त्यातून रंग मिळाला. हे तीन एकमेकांशी बोलतात म्हणून मी एकच धरलं नाही.

प्रिंटमध्ये आणखी एक गोष्ट होते ती पेंटिंगवाल्यांना कळत नाही. छाप उलटा येतो. तुझ्या लाटेच्या प्रिंटमध्ये समुद्र उजव्या हाताला आहे, किनारा डाव्या हाताला, आणि लांब उत्तरेकडे जाणारी किनारपट्टी. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर आपला समुद्र डावीकडे असतो ना रे. तू सरळ स्केच लिनोवर उतरवलंस आणि प्रिंटमध्ये समुद्र पूर्वेला गेला. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, पण देवगडच्या माणसाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहील. ट्रेसिंग पेपर उलटा करून उतरवायचं, एवढंच. किंवा उलटंच ठेवायचं असेल तर ठरवून ठेव.

बघायचं कसं यावर येते, कारण बघू नको हे तर मी खोडून काढलं. फोनवर बघण्याची अडचण माझ्या मते ही नाही की खूप चित्रं दिसतात. अडचण ही आहे की सगळी एकाच मापाची दिसतात. होकुसाईची लाट प्रत्यक्षात साधारण २५ बाय ३७ सेंटीमीटर आहे, मांडीवर घेऊन बघता येईल एवढीच. आणि राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जो कोरलेला हत्ती आहे तो साधारण १८ मीटर लांब आहे, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. फोनवर हे दोन्ही चार बोटांचे. लाट हातात धरायची गोष्ट आहे आणि हत्ती ही चालायची गोष्ट आहे, त्याच्या भोवती फिरल्याशिवाय तो पूर्ण दिसतच नाही, एका जागी उभं राहून तुम्हाला फक्त जांभ्यातले चर दिसतात. माप कळलं नाही की करणं कळत नाही, मग दिसणं तेवढं हाताला लागतं.

म्हणून तुला सांगेन की कशेळीला जा, देवगडहून काही फार लांब नाही. रत्नागिरी जिल्ह्यातली काही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, त्यामुळे आता लोक येतात, पण सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात चर उठून दिसतात, भर दुपारी सगळं सपाट होतं. कोरलेल्या रेषेला उजेड लागतो हे प्रिंट करणाऱ्याने स्वतःच्या डोळ्याने बघायलाच पाहिजे. आणि कातळावर चढू नकोस, कडेने फिर.

मग पिंगुळीला जा, कुडाळच्या जवळ. ठाकर लोकांची चित्रकथी तिथे बघायला मिळते. कागदावरची चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एका कथेची एक पोथी, आणि गाणारा एकेक चित्र समोर धरत कथा सांगतो. ती चित्रं भिंतीवर फ्रेममध्ये बघितली तर जरा मोकळी वाटतील, माणसं बाजूने काढलेली, डोळे मोठे, मागे फारसं काही नाही. पण ती मोकळी जागा गाणाऱ्याच्या आवाजासाठी आहे. बर्व्यांची रिकामी जागा आणि चित्रकथीची रिकामी जागा यात काय फरक आहे यावर एक आठवडा विचार कर, तुला रिकामी जागा आवडते हे तुझ्या कामात दिसतंय, पण ती कशासाठी रिकामी आहे हे तुझं अजून ठरलेलं नाही.

आणि तिथपर्यंत गेलास तर सावंतवाडीला गंजिफा बघ, हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पानं. पिढ्यानपिढ्या तोच मत्स्य, तोच कूर्म काढतायत. कोणालाही "माझी शैली" नकोय. तरीसुद्धा दोन वेगवेगळ्या हातांची पानं शेजारी ठेवली तर माशाच्या शेपटीचा बाक लगेच वेगळा कळतो. मला हे बघून फार बरं वाटलं होतं, कारण मी पण तुझ्यासारखी शैली शोधत फिरत होते आणि तिथे लक्षात आलं की हात वेगळा आहे तो वेगळाच पडतो, त्याच्या मागे लागावं लागत नाही.

आता नक्कल कशी करायची ते, कारण मी तुला नक्कल करायलाच सांगणार आहे. आवडतं ते एकच चित्र घे आणि शक्य असेल तर मूळ मापात पूर्ण उतरव, रंगासकट. दहा चित्रांचे दहा कोपरे करू नकोस. करताना वही शेजारी ठेव आणि जिथे जिथे हात अडला ते लिही. "इथे कडा इतकी धारदार का ठेवली", "इथे दोन रंगांच्या मध्ये कागद उघडा का सोडला", असं. नक्कल झाली की चित्र उलटं करून ठेव आणि फक्त वही वाच. त्या वहीत जे आहे तेवढंच तुझं. मग त्यातला एकच निर्णय उचल आणि तो तुझ्या घरातल्या वस्तूला लाव. लाटेचं उदाहरण घे. होकुसाईचा निर्णय काय आहे? जवळची लाट प्रचंड, लांबचा डोंगर एवढासा, आणि मधल्या होड्यांतली माणसं पाठ वाकवून बसलेली. तो निर्णय रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीला लाव. रापण ओढणाऱ्यांच्या पाठी आणि दोर अख्ख्या ब्लॉकभर (कोरायच्या पूर्ण तुकड्यावर), आणि लांब समुद्रात जाळं टाकून परतणारी होडी नखाएवढी. यात एकही जपानी लाट नाहीये, पण होकुसाईचं करणं पूर्ण आहे.

केलेल्या नकलेच्या मागे पेन्सिलने "अमुक यांच्या चित्रावरून, अभ्यासासाठी" असं लिहून ठेव आणि ती विकू नकोस, प्रदर्शनात लावू नकोस.

बर्व्यांना क्लेमधून काय मिळालं असेल हे हाताने समजून घ्यायचं असेल तर क्लेची एक पद्धत करून बघ, प्रेस लागत नाही. पातळ कागदाला काळा तेलरंग अगदी पुसट फासायचा, थोडा सुकू द्यायचा, मग तो उपडा करून कोऱ्या कागदावर ठेवायचा आणि वरून टोकदार वस्तूने रेखाटायचं. खाली रेष उमटते ती थोडी केसाळ, आणि तुझा तळहात जिथे टेकला तिथे आपोआप काळे डाग पडतात. वर जलरंग दिला की झालं. क्लेची १९२२ च्या सुमाराची बरीच कामं अशीच आहेत. ना धड प्रिंट, ना धड चित्र, दोन्हीच्या मधली गोष्ट आहे, आणि तुझ्यासारख्या दोन्ही करणाऱ्याला ती खूप काही शिकवेल, मुख्य म्हणजे हाताच्या दाबाबद्दल.

इतकं सांगितलं त्यात मुख्य एवढंच की बघणं थांबवायचं नाही, सावकाश करायचं, आणि चित्रातली वस्तू न घेता त्यातला निर्णय घ्यायचा. आता एकच धरावं का त्याकडे येते.

ते पैसे, जागा, हवा आणि तुझा स्वभाव यावर आहे. लिनो आणि वुडकटला प्रेस नसला तरी चालतं. मी अजूनही छोटे ब्लॉक प्रेसमध्ये घालत नाही, कागद वर ठेवून घासून गुळगुळीत केलेल्या करवंटीच्या पाठीने घासते, दाब कुठे कमी-जास्त द्यायचा ते हातात राहतं. लिनो कडक झाला असेल तर दहा मिनिटं उन्हात ठेव, लोण्यासारखा कापला जातो. लाकडात जायचं असेल तर फणसाची फळी वास आणि रंग यामुळे मोह पाडते पण तिचे रेषे आडवेतिडवे असतात, गाऊज अचानक भलतीकडे ओढला जातो, सुरुवातीला नको. पांगारा, ज्याची सावंतवाडीची खेळणी करतात, तो इतका मऊ की बारीक रेष टिकत नाही. आधी साधा प्लाय घे. मला स्वतःला मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या फार आवडतात, त्यांच्यावर काही न कोरता नुसती शाई फिरवून छाप काढला तरी खिळ्यांची भोकं आणि खाऱ्या पाण्याने उघडे पडलेले रेषे येतात, पण हा माझा छंद झाला.

एचिंगचं गणित वेगळं आहे. प्रेस लागतो, तांब्याच्या प्लेट लागतात, फेरिक क्लोराइड लागतं, आणि ते वापरायला वारा खेळणारी जागा आणि हातमोजे लागतात, स्वयंपाकघराच्या मोरीत हे करायचं नाही, कितीही घाई असली तरी. दोघातिघांनी मिळून प्रेस घेतला तर परवडतो. तो होईपर्यंत लिनोतच खोल जा, घाई काय आहे.

हवेबद्दल तर आपल्याकडे बोलायलाच हवं कारण पुस्तकं लिहिणारे लोक कोरड्या देशातले असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या पडवीत कागद सादळलेल्या पापडासारखा मऊ पडतो, तेलाची शाई चार-चार दिवस ओली राहते, आणि एकावर एक ठेवलेल्या प्रिंटना बुरशी धरते. एका वर्षी माझी २० प्रिंटची पूर्ण एडिशन, म्हणजे एका ब्लॉकच्या ठरवून काढलेल्या सगळ्या प्रिंट, अशी गेली, करड्या ठिपक्यांनी भरली, आणि ती एका प्रदर्शनासाठी द्यायची होती. त्या दिवशी मी खूप रडले. तेव्हापासून वर्षाची वाटणीच करून टाकली. पावसात कोरायचं आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगवायचं, एडिशन काढायची ती दिवाळीनंतर, थंडीत, होळीच्या आत संपवायची. कागद लोखंडी कपाटात, आत एक बल्ब लावून. एप्रिल-मेमध्ये घामाचे थेंब कागदावर पडतात म्हणून तेव्हा मी स्केचिंगच करते. आणि ही वाटणी मी हवेमुळे केली खरी, पण झालं असं की पावसाळ्यात कोरलेला ब्लॉक मला दिवाळीपर्यंत शाई न लावता नुसता बघावा लागतो. चार महिने. तेवढ्यात त्याच विषयाचं पेंटिंग होतं, आणि पेंटिंग करताना कळतं की ब्लॉकमध्ये अजून काय काढून टाकायचंय. माझी काम करायची पद्धत म्हणून जे काही आहे ते निम्मं या पावसाने ठरवलंय.

स्वभावाचं असं बघ. मला जे अजून कळलेलं नसतं ते मी पेंटिंगमध्ये करते, तिथे चाचपडता येतं. जे थोडंफार कळलंय असं वाटतं ते प्रिंटमध्ये नेते, तिथे खरंच कळलंय का ते उघडं पडतं. तुझं उलटं असू शकतं. माझ्या ओळखीचे एकजण ब्लॉकवर काही न ठरवता थेट कोरत जातात आणि पेंटिंग मात्र ग्रिड आखून करतात. वर्षभर दोन्ही कर आणि वहीत लिही की कुठे अडलास तेव्हा कशाकडे वळलास. त्यातून उत्तर दिसेल, आत्ता मी सांगून उपयोग नाही.

एडिशनबद्दल तू शेवटी विचारलंस, तर पहिल्या पहिल्या ब्लॉकच्या पन्नास-पन्नास काढू नकोस. ८ किंवा १० पुरे, खाली पेन्सिलने ३/१० (दहातली तिसरी) असा नंबर, आणि तेवढ्याच काढायच्या. प्रूफ, म्हणजे चाचणीचे छाप, मात्र भरपूर काढ आणि एकही फेकू नकोस. प्रत्येक प्रूफवर तारीख टाक आणि काय बदललं ते लिही. सरांना पुढच्या वेळी तयार प्रिंटच्या आधी प्रूफ दाखव ओळीने, त्यांनी तुला जे सांगितलं ते तयार चित्र बघून सांगितलं, तुझं करणं त्यांच्यासमोर आलेलंच नाही.

आणि रापणीचा ब्लॉक केलास, किंवा आंब्याच्या झेल्याचा, जे काय करशील ते, तर फोटो नक्की टाक. फक्त फोटो काढताना प्रिंटच्या शेजारी एक पट्टी किंवा चमचा ठेव म्हणजे मला तिचं माप कळेल.